खिशातील पुरावा आणि खेळणाऱ्याची स्मृती : कालप्रवासाच्या कथा व कोडेप्रधान व्हिडिओ गेम

1

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (1895) या कादंबरिकेचा नायक भविष्यातून परत येतो, तेव्हा त्याची हकीकत ऐकणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. इ. स. 802701 मधील मानवजातीच्या दोन शाखांविषयी तो जे सांगतो, ते त्यांना रचलेले वाटते. अशा वेळी त्याच्या खिशातून दोन पांढरी, कोमेजलेली फुले निघतात. मंडळींतील डॉक्टर ती निरखतो, परंतु त्यांची जात त्याला ओळखता येत नाही. पुढे नायक पुन्हा प्रवासाला निघून कायमचा नाहीसा होतो आणि ती फुले निवेदकाजवळ उरतात. संपूर्ण कथेची विश्वसनीयता या दोन फुलांवर तोललेली आहे.

'आउटर वाइल्ड्स' (2019) या व्हिडिओ गेममध्येही एक प्रवासी आहे. बावीस मिनिटे झाली की त्याच्या ग्रहमालेतील सूर्याचा स्फोट होतो, सारे काही नष्ट होते आणि तो पुन्हा आरंभस्थानी डोळे उघडतो. त्याच्या खिशात काहीही उरत नाही. यानाचे इंधन, गोळा केलेल्या वस्तू, पार केलेले अंतर हे सर्व पुसले जाते. तरीही प्रत्येक फेरीत त्याची प्रगती होत असते, कारण मागील फेरीत जे कळले ते खेळणाऱ्याला ठाऊक असते.

या दोन उदाहरणांमध्ये जे अंतर आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कालप्रवासाच्या कथेत काळाचा क्रम कितीही उलटापालटा झाला, तरी जे घडले त्याची साक्ष देणारी एखादी वस्तू सामान्यतः मागे राहते. कोडेप्रधान व्हिडिओ गेममध्ये अशा वस्तूची गरज क्रमाने कमी होत जाते आणि तिची जागा खेळणाऱ्याची स्मृती घेते. या स्थलांतराचा परिणाम केवळ तंत्रापुरता मर्यादित नाही. 'झालेले परत फिरवता येत नाही' ही जी जाणीव शोकात्म साहित्याच्या मुळाशी आहे, तिचे स्थानच त्यामुळे बदलते. घटना परत फिरवता येते. घटनेतून झालेले ज्ञान मात्र परत फिरवता येत नाही.

2

विवेचनापूर्वी काळाच्या काही पातळ्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम आणि त्या ज्या क्रमाने सांगितल्या जातात तो क्रम, हा भेद रशियन रूपवाद्यांपासून कथनमीमांसेत रूढ आहे. झेरार जेनेत यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात या दोन क्रमांतील विसंगतींची तपशीलवार मांडणी केली. पूर्वकथन, भविष्यसूचन, मध्येच आलेली आठवण ही त्यांची परिचित उदाहरणे होत. येथे क्रम बदलतो तो निवेदनाचा. घटनांचा क्रम अबाधित असतो. निवेदकाने आधी मृत्यू सांगून नंतर जन्म सांगितला, म्हणून माणूस आधी मरत नाही.

कालप्रवासाच्या कथेत ही सुरक्षितता नाहीशी होते. डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1976 साली लिहिलेल्या निबंधात बाह्य काळ आणि व्यक्तिगत काळ असा भेद केला आहे. बाह्य काळ म्हणजे जगाचा काळ. व्यक्तिगत काळ म्हणजे प्रवाशाचे केस पिकण्याचा, त्याच्या मनगटावरील घड्याळाचा आणि त्याच्या आठवणी साठण्याचा काळ. सामान्य माणसाच्या बाबतीत हे दोन्ही काळ बरोबरीने चालतात. कालप्रवाशाच्या बाबतीत त्यांची फारकत होते. तो शंभर वर्षे मागे गेला, तरी त्याच्या व्यक्तिगत काळात ती 'नंतरची' घटना असते.

व्हिडिओ गेमच्या संदर्भात यात आणखी एका काळाची भर पडते, तो म्हणजे खेळणाऱ्याचा काळ. येस्पर यूल यांनी 'हाफ-रिअल' (2005) या ग्रंथात खेळण्याचा काळ आणि खेळातील कल्पित काळ यांची फोड केली आहे. पडद्यावरील पात्र मागे गेले, मेले, पुन्हा उठले, तरी खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीच्या खोलीतील घड्याळ पुढेच चाललेले असते. हा काळ खेळाच्या रचनाकाराला मागे फिरवता येत नाही. पुढे ज्या खेळांचा विचार केला आहे, त्यांचे मर्म या एका मर्यादेत दडलेले आहे.

3

खिशातील पुराव्याची परंपरा वेल्सपासून सुरू होत नाही. आपल्याकडे 'अभिज्ञान' हा शब्दच तिचा निर्देश करतो. दुर्वासाच्या शापाने दुष्यंताची स्मृती जाते. तिच्याबरोबर जणू भूतकाळाचा एक तुकडाच नाहीसा होतो आणि मुद्रिका सापडताच तो परत येतो. येथे कालप्रवास नाही. परंतु पुसल्या गेलेल्या काळाची साक्ष एका लहानशा वस्तूकडे सोपवण्याची युक्ती तीच आहे.

काळाच्या प्रत्यक्ष फारकतीची पुराणकथा म्हणजे ककुद्मी आणि रेवती यांची. कन्येसाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास राजा ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चाललेले असते, म्हणून तो थोडा वेळ थांबतो. गायन संपते तोवर पृथ्वीवर, भागवतानुसार, सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. त्याने मनात योजलेले वर, त्यांचे पुत्र, नातू, कोणीही उरलेले नसतात. विष्णुपुराणात या कथेचा एक मार्मिक तपशील आहे. रेवती जुन्या युगातील असल्यामुळे तिची उंची नव्या युगातील माणसांहून फार मोठी असते आणि बलराम नांगराच्या टोकाने ती कमी करतो. म्हणजे येथे जुन्या काळाचा पुरावा प्रत्यक्ष शरीरावर आहे आणि नव्या काळात संसार करावयाचा तर तो पुरावा पुसावा लागतो. या कथेत परतीची वाट नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

परतीची वाट ही आधुनिक कल्पना होय आणि तिच्याबरोबर जबाबदारीचा प्रश्न येतो. रे ब्रॅडबरी यांच्या 'अ साउंड ऑफ थंडर' (1952) या कथेत शिकारीसाठी आदियुगात गेलेला माणूस घाबरून आखलेल्या वाटेवरून खाली उतरतो. वर्तमानात परतल्यावर पाटीवरील शब्दांचे लेखन बदललेले दिसते आणि निवडणुकीचा निकालही उलटा लागलेला असतो. त्याच्या बुटाच्या तळाच्या चिखलात एक मेलेले फुलपाखरू सापडते. वेल्सची फुले प्रवास खरा असल्याची साक्ष देतात, तर ब्रॅडबरींचे फुलपाखरू अपराधाची साक्ष देते. ते परत जिवंत करता येत नाही आणि पुन्हा मागे जाण्याची मुभाही नाही. कथेची धार या नकारात आहे.

मराठीत या परंपरेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर (1938–2025) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही 'यक्षांची देणगी' या संग्रहातील कथा. काटेकोरपणे पाहता हा कालप्रवास नव्हे. इतिहासाच्या एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर झालेले संक्रमण होय. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी ज्या जगात निसटून गेली आणि पानिपतावर मराठे विजयी झाले, त्या जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत काही काळ वावरतात. ते जग ते ग्रंथालयात बसून, बखरीच्या पानांतून समजून घेतात, ही गोष्ट त्यांच्या पेशाला अत्यंत साजेशी आहे. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर बसण्याचा आगाऊपणा त्यांना भोवतो. जमाव त्यांच्यावर तुटून पडतो आणि ते आपल्या जगात परत येतात. खिशात बखरीचे एक फाटके पान राहिलेले असते. त्या पानावरील मजकूर आणि आपल्या जगातील बखरीचा मजकूर यांत गोळीपुरता फरक आहे.

या पानाचे महत्त्व दुहेरी आहे. कथेतील वैज्ञानिक मित्राला पुंजवादाच्या आधारे उपपत्ती मांडण्यास ते भाग पाडते, कारण केवळ आठवण असती तर ती भ्रम म्हणून बाजूला सारता आली असती. दुसरे असे, की मराठी वाचकाच्या मनातील पानिपताची जुनी सल ते पान क्षणभर मिटवते आणि लगेच पुन्हा उघडी करते. 'असे झाले असते तर' हा प्रश्न विचारता येतो. परंतु उत्तर म्हणून हाती येते ते एक फाटके पान. इतिहास बदलत नाही.

4

खिशातील वस्तूवर इतकी भिस्त ठेवली, की ती वस्तू स्वतःच संशयास्पद होऊ शकते. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स' (1941) या कथेत भविष्यातील भाषेच्या शब्दांची एक वही आहे. नायकाला ती मिळते, तो तिच्यावरून भाषा शिकतो. वही जीर्ण झाल्यावर तो तिची नक्कल करतो आणि पुढे तीच नक्कल त्याच्या तरुण रूपाच्या हाती जाते. मग शब्द मुळात गोळा केले कोणी? कोणीच नाही. ज्ञान आहे, परंतु ज्ञात्याचे कष्ट नाहीत. पुराव्याला उगमच नसल्यामुळे तो कशाचाही पुरावा राहत नाही.

हाच पेच 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम' (1998) या निन्टेन्डो कंपनीच्या खेळात येतो. नायक लिंक सात वर्षांच्या अंतराने बाल आणि तरुण अशा दोन अवस्थांत वावरतो. तरुणपणी पवनचक्कीतील एक वादक त्याला पावसाचे गाणे शिकवतो आणि सात वर्षांपूर्वी एका मुलाने ते वाजवून आपल्या चक्कीचा घोटाळा केला, अशी तक्रार करतो. लिंक बालपणात परततो आणि ते गाणे वाजवतो. वादकाला ते लिंककडून मिळाले, लिंकला वादकाकडून.

दोन्ही ठिकाणी तर्कदोष एकच आहे, पण अनुभव वेगळा आहे. हाइनलाइनची कथा वाचताना वाचक चक्राकडे बाहेरून पाहतो आणि थक्क होतो. खेळात चक्र पूर्ण करण्याचे काम खेळणाऱ्यालाच करावे लागते. वादकाची तक्रार ऐकताना 'तो मुलगा म्हणजे मीच' हे ओळखल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. अभिज्ञान येथे पात्राच्या वाट्याला न येता खेळणाऱ्याच्या वाट्याला येते.

5

कोडे आणि कथानक यांचे नाते येथे तपासले पाहिजे. कथानकात आपण सामान्यतः कारणाकडून कार्याकडे जातो. कोड्यात कार्य आधी दिलेले असते आणि त्याचे कारण शोधावयाचे असते. रहस्यकथेचा वाचक या रीतीशी परिचित आहे. तथापि रहस्यकथेत कारण घडून गेलेले असते. कालप्रवासाच्या कोड्यात ते घडवावे लागते.

लुकासआर्ट्स या संस्थेने 1993 साली काढलेला, डेव्ह ग्रॉसमन आणि टिम शेफर यांनी सिद्ध केलेला 'डे ऑफ द टेंटॅकल' हा विनोदी खेळ या रीतीचा नमुना होय. जग जिंकण्याची हाव सुटलेल्या एका बोलक्या शुंडेला आवरण्यासाठी तीन मित्र आदल्या दिवशी जाण्याचा बेत करतात. पण यंत्रातील हिरा खोटा निघतो. बर्नार्ड वर्तमानात राहतो, होगी दोनशे वर्षे मागे अमेरिकन राष्ट्रनिर्मात्यांमध्ये पडतो आणि लाव्हर्न दोनशे वर्षे पुढे, शुंडांच्या राज्यात अडकते. लहान वस्तू ते काळाच्या आरपार एकमेकांना पाठवू शकतात. खेळणारा तिघांनाही आळीपाळीने चालवतो, त्यामुळे भूत, वर्तमान आणि भविष्य ही एकाच घराची तीन दालने असल्यासारखी त्याच्यासमोर उघडी असतात.

लाव्हर्न भविष्यात एका झाडावर लोंबकळत असते. झाड नसते तर ती खाली आली असती. भूतकाळात त्याच झाडाची फळे लाल रंगवली, की चेरीचे झाड तोडण्याच्या दंतकथेने ख्यात असलेले जॉर्ज वॉशिंग्टन ते चेरीचे समजून तोडतात आणि दोनशे वर्षांनंतरची लाव्हर्न धपकन जमिनीवर येते. तिला शुंडेचे सोंग हवे असते, तर भूतकाळात राष्ट्रध्वजाच्या नमुन्यांत शुंडेची आकृती सरकवावी लागते. भविष्यातील ध्वज आपोआप तिच्या अंगावर चढण्याजोगा होतो. भूतकाळात पुरलेली द्राक्षासवाची बाटली चारशे वर्षांनी उघडली, की आतील द्रवाचा शिरका झालेला असतो. काळाची संथ कारागिरीही येथे कोड्याचा भाग आहे.

ब्रॅडबरींच्या कथेत एका फुलपाखराचा मृत्यू अक्षम्य ठरतो. येथे राष्ट्रध्वज बदलला तरी कोणाला खंत नाही. पूर्वीची पाटी कशी होती, पूर्वीचा ध्वज कसा होता, हे खेळणाऱ्याखेरीज कोणालाही आठवत नाही. इतिहास ही कार्यशाळा झाली आहे. विनोदाला हे मानवते. मात्र एक प्रश्न मागे राहतो : भूतकाळ इतका सहज हाताळता येऊ लागला, तर पश्चात्तापाला काही अर्थ उरतो काय?

6

हा प्रश्न ज्या खेळाने आपला विषय केला, तो म्हणजे जोनाथन ब्लो यांचा 'ब्रेड' (2008). नावाचा अर्थ वेणी असा आहे. टिम नावाचा नायक एका राजकन्येच्या शोधात निघतो. आपल्या हातून चूक घडली म्हणून ती दूर गेली, एवढेच आरंभी कळते. प्रत्येक विभागाच्या दाराशी उघडी पुस्तके मांडलेली असतात आणि त्यांतील छोटे परिच्छेद एका इच्छेभोवती फिरतात : चूक पुसता यावी, पण चुकीतून आलेले शहाणपण मात्र राहावे. क्षमेची ही कल्पना खेळात तंत्र होऊन येते. टिम खड्ड्यात पडला, की एक कळ दाबून काळ मागे नेता येतो. तो पुन्हा काठावर उभा असतो आणि खड्डा कोठे आहे हे आता खेळणाऱ्याला ठाऊक असते.

खेळाची रचना पाहिली तर प्रत्येक विभागात काळाचा एक नवा नियम आहे. एका विभागात हिरवट तेज असलेल्या वस्तू काळाच्या मागे फिरण्याने बाधित होत नाहीत. खोल खड्ड्यातील अशी किल्ली उचलून काळ मागे फिरवला, तर टिम वर येतो आणि किल्ली त्याच्याजवळच राहते. वेल्सच्या फुलांचे हे यांत्रिक रूप होय. मात्र येथे ती वस्तू साक्ष देत नाही, केवळ दार उघडते. दुसऱ्या विभागात उजवीकडे चालले की काळ पुढे जातो, डावीकडे चालले की मागे. आणखी एका विभागात काळ मागे फिरवल्यानंतर, रद्द झालेली कृती करणारी टिमची छाया प्रकट होते. जे आपण केले आणि मग पुसले, ते ती पुन्हा करून दाखवते. या छायेच्या साहाय्याखेरीज तेथील कोडी सुटत नाहीत. पुसलेली कृती पूर्णपणे पुसली जात नाही, ही जाणीव येथे प्रथम डोकावते. पुढच्या विभागात एका अंगठीजवळ काळ मंदावतो.

अखेरच्या, पण क्रमांकाने पहिल्या असलेल्या विभागात काळ मुळातच उलटा वाहतो. एक राजकन्या दांडग्या सरदाराच्या तावडीतून निसटून पळत आहे, खालच्या वाटेने टिम तिच्याबरोबर धावत आहे आणि दोघे परस्परांच्या वाटेतील अडथळे दूर करत आहेत, असे दृश्य दिसते. टिम तिच्या घरापाशी पोहोचतो. मग काळ सरळ वाहू लागतो आणि तेच दृश्य खऱ्या क्रमाने उलगडते. राजकन्या टिमपासून पळत आहे; जे अडथळे दूर केल्यासारखे वाटले, ते ती त्याच्या वाटेत उभे करत आहे; आणि सरदार तिला पळवत नसून सोडवत आहे. उलट क्रमाने पाहिल्यामुळे पाठलाग साहचर्यासारखा दिसला होता.

शोकात्मिकेच्या विवेचनात अॅरिस्टॉटलने परिस्थितीचा विपर्यय आणि अभिज्ञान एकाच वेळी घडणे उत्तम मानले. येथे तसे घडते, परंतु एका भेदासह. 'इडिपस' पाहणारा प्रेक्षक निरपराध असतो. त्याने कोणाचा वध केलेला नसतो. 'ब्रेड' खेळणाऱ्याने मात्र तासन्‌तास स्वतः तो पाठलाग केला आहे. काळ मागे फिरवण्याची सर्व विद्या हाती असूनही हे ज्ञान त्याला परत फिरवता येत नाही. चूक पुसून शहाणपण ठेवावे, ही टिमची इच्छा पूर्ण होते आणि तेच शहाणपण त्याच्याविरुद्ध साक्ष देते. पश्चात्ताप नाहीसा झालेला नाही; त्याने घर बदलले आहे.

7

स्मृती एकट्या खेळणाऱ्याजवळ राहते, याची दुसरी बाजू म्हणजे इतरांची विस्मृती. 'मेजोराज मास्क' (2000) या झेल्डा मालिकेतील खेळात तीन दिवसांनी चंद्र पृथ्वीवर कोसळणार असतो. लिंक वाद्य वाजवून पहिल्या दिवसाच्या पहाटेकडे परततो. त्याच्याजवळ मुखवटे, शिकलेली गाणी आणि लोकांच्या अडचणी टिपलेली एक वही राहते. परंतु ज्यांना त्याने मदत केली, ते सर्व पुन्हा त्याच अडचणीत असतात आणि त्याला ओळखतही नाहीत. अंजू आणि काफेई या दुरावलेल्या जोडप्याची भेट चंद्र कोसळण्याच्या ऐन सुमारास होते. जग वाचवावयाचे तर ती भेट पुसून मागे जावे लागते. उपकार केल्याचे पुण्य आहे, पण उपकृत कोणी नाही. वहीतील नोंद हा पुरावा आहे. तो वाचू शकणारा वाचक मात्र एकच.

'आउटर वाइल्ड्स' या दिशेने अखेरपर्यंत जातो. अॅलेक्स बीचम यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध म्हणून आरंभलेला हा खेळ पुढे मोबियस डिजिटल या संस्थेने पूर्ण केला. त्यात शस्त्रे मिळत नाहीत, शक्ती वाढत नाही. यानातील नोंदवही काय कळले ते जपते. पण ती खेळणाऱ्याच्या आकलनाची केवळ टिपणी होय. तत्त्वतः पहिल्याच फेरीत शेवट गाठता येईल; अडथळा फक्त अज्ञानाचा आहे. नष्ट झालेल्या एका प्राचीन जमातीचे लेख वाचत वाचत खेळणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. पहिली, ही फेरी म्हणजे त्या जमातीच्या यंत्राचा परिणाम आहे. दुसरी, सूर्य कोणाच्या दुष्टाव्यामुळे मरत नसून त्याचे आयुष्य संपले आहे. त्याला वाचवता येणार नाही.

शेवटच्या प्रवासासाठी त्या यंत्राचा गाभा काढून न्यावा लागतो. तो काढताच काळाचे फिरणे थांबते. आतापर्यंत शेकडो वेळा स्वस्तात पत्करलेला मृत्यू आता अंतिम होतो. वाट तीच, यान तेच, बावीस मिनिटेही तीच. परंतु चूक परवडणार नाही. काळाची अपरिवर्तनीयता येथे खेळणारा स्वतःच्या हाताने परत आणतो. परतीची वाट नसलेल्या ककुद्मीच्या जगात तो अखेरीस येतो. फरक इतकाच, की ककुद्मीला ते नकळत घडले आणि याने ते जाणून स्वीकारले.

8

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. खेळ म्हणजे साहित्य नव्हे, मग साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल का घ्यावी? एस्पेन ऑर्सेथ यांच्या 'सायबरटेक्स्ट' (1997) या ग्रंथापासून या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका खेळांना साहित्याच्या पंक्तीला बसवण्याची नाही. कथानक, अभिज्ञान, विपर्यय, निवेदनक्रम या आपल्या नित्याच्या संज्ञा एका नव्या ठिकाणी लावून पाहिल्या, तर त्यांची शक्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात, एवढाच दावा आहे. अध्यापनाच्या दृष्टीने याचा उपयोग उघड आहे. जेनेतची परिभाषा ज्यांना कोरडी वाटते, असे अनेक विद्यार्थी काळ मागे फिरवणारे खेळ खेळून त्या परिभाषेच्या आशयाशी आधीच परिचित झालेले असतात. त्या अनुभवाला शब्द देणे हे आपले काम आहे.

मर्यादाही नमूद केली पाहिजे. पुरावा स्मृतीत ठेवण्याची किंमत या खेळांना द्यावी लागते. एकदा कोडे उमगले, की ते पुन्हा तसेच खेळता येत नाही. आणि उकल दुसऱ्याने सांगितली, तर ते न खेळताच संपते. 'आउटर वाइल्ड्स' दुसऱ्यांदा खेळणारा माणूस ओळखीच्या प्रदेशात फिरतो, शोध घेत नाही. साहित्यकृतीचे तसे नाही. मुद्रिका सापडणार हे पाठ असलेला रसिकही पुन्हा 'शाकुंतल' वाचतो. गंगाधरपंतांच्या खिशात पान निघणार, हे ठाऊक असूनही ती कथा पुन्हा वाचाविशी वाटते. कारण ते पान आपल्या बाहेर, संहितेत आहे आणि दर वाचनात आपण त्याच्याकडे नव्याने जाऊ शकतो. अभिज्ञान स्वतःचे असणे आणि अभिज्ञानाचा पुन्हा आस्वाद घेता येणे, या दोन गोष्टी बहुधा एकत्र नांदत नाहीत.

कालप्रवासाची कथा आणि कालप्रवासाचे कोडे यांच्यातील फरक असा मांडता येईल. कथा सांगते, की काळ मागे नेला तरी काहीतरी उरते आणि ते उरलेले आपल्यापुढे ठेवते : दोन फुले, एक फुलपाखरू, बखरीचे एक पान. कोडे उरलेले काही दाखवत नाही. सर्व पुसून झाल्यावर ते खेळणाऱ्याला पुन्हा आरंभी उभे करते आणि त्याच्या पहिल्याच पावलावरून त्याला काय कळले आहे, हे ओळखते.